शेवट आधीच माहीत असतो, तरी पान का उलटतं? मिलिटरी थ्रिलरचा साचा सोप्या भाषेत

नोकरी सोडून गावाकडं येऊन राहिलेला एक कमांडो असतो, त्याचा जिवाभावाचा मित्र आधीच्या एका मोहिमेत गेलेला असतो आणि ते ओझं हा अजून वागवत असतो, मग एक दिवस जुना साहेब दारात येऊन उभा राहतो कारण कुठंतरी काहीतरी भयंकर घडणार असतं आणि ते थांबवू शकणारा हा एकच माणूस शिल्लक असतो. हा आधी नाही म्हणतो. मग हो म्हणतो. टीम गोळा होते, एक नेमबाज, एक स्फोटकांतला दर्दी, एक कॉम्प्युटरवाला, आणि एक नवीन पोरगा ज्याचं नुकतंच लग्न ठरलंय, तो परत येणार नाही हे आपल्याला तिथंच कळतं. हातात ७२ तास. वरच्या ऑफिसात एक अधिकारी फाईल अडवून बसलेला. आतलाच कुणीतरी फितूर. शेवटच्या पन्नास पानांत सगळं बिघडतं आणि अगदी शेवटच्या पाच पानांत सगळं जुळून येतं.

पुस्तक असो, सिनेमा असो, वेबसिरीज असो, नावं बदलतात, देश बदलतात, हे बदलत नाही. आणि लोक ते आवडीनं बघतात, वाचतात, संपलं की पुढचं शोधतात. "एक वाचलं की सगळी वाचली" असं म्हणून नाक मुरडणारे खूप भेटतात, पण मला वाटतं त्यांनी बरोबर जागी बोट ठेवून चुकीचा अर्थ काढलाय. एक वाचलं की सगळी वाचल्यासारखी असतात म्हणूनच लोक वाचतात. साचा ही त्या पुस्तकातली खोट नाही, साचा हाच तिथला माल आहे. तो कसा काम करतो ते नीट उलगडून बघण्यासारखं आहे.

मी साताऱ्यात बसून हे लिहितोय म्हणून या प्रश्नाला इथं जरा वेगळी धार आहे. हा फौजी जिल्हा. अपशिंगे मिलिटरी गाव तर सगळ्यांना माहीत आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले आणि आजही तिथं घर तिथं फौजी अशी गत आहे. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली साताऱ्यातच निघालं. पहाटे पाचला बाहेर पडा, भरतीची तयारी करणारी पोरं रस्त्याकडेनं पळताना दिसणारच. म्हणजे इथल्या वाचकाला खरी फौज काय असते ते घरात बसून ठाऊक आहे, बापाकडून, चुलत्याकडून, भावाकडून. मग खरं माहीत असलेल्या माणसाला हे साच्यातलं खोटं का आवडावं? मला सगळ्यात जास्त कुतूहल या गोष्टीचं आहे.

आधी साचा म्हणजे नेमकं काय ते बघू. व्लादिमीर प्रॉप नावाच्या रशियन अभ्यासकानं १९२८ साली एक पुस्तक काढलं, त्यात त्यानं १०० रशियन परीकथा घेऊन त्यांचे सांधे मोकळे केले आणि दाखवून दिलं की पात्रं कितीही बदलली तरी कथेत घडणाऱ्या गोष्टी ३१ च आहेत आणि त्यांचा क्रमही जवळपास ठरलेला आहे. नायक घर सोडतो, त्याची परीक्षा होते, त्याला एखादी जादूची वस्तू मिळते, खलनायकाशी गाठ पडते, खूण पटते, परत येतो. जादूच्या वस्तूच्या जागी नाइट व्हिजन दुर्बीण ठेवा, घराच्या जागी पलटण ठेवा, यादी बरीचशी तशीच लागू पडते. आपल्याकडं बाबूराव अर्णाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, नंतर गुरुनाथ नाईकांनी तशीच हजारावर मजल मारली आणि त्यांचा कॅप्टन दीप हा तर मिलिटरीतलाच नायक. एक माणूस हजार गोष्टी लिहू शकतो तो साच्याच्या जोरावरच, दर वेळी चूल नव्यानं मांडायची म्हटलं तर पन्नासच्या पुढं जाता येणार नाही. आणि वाचकही हजार वाचू शकतो त्याच कारणानं.

पण आपल्या मातीत हा साचा त्याहून कितीतरी जुना आहे. अज्ञानदासाचा अफझलखानाच्या वधाचा पोवाडा घ्या. प्रसंग आपल्याच जिल्ह्यातला, प्रतापगडाच्या पायथ्याचा, १० नोव्हेंबर १६५९. आता हा प्रसंग थ्रिलर वाचणाऱ्याच्या नजरेनं बघा. समोरचा बळानं कितीतरी मोठा. भेटीच्या अटी ठरलेल्या, सोबत मोजकीच माणसं. अंगरख्याखाली चिलखत, हातात लपवलेली वाघनखं. जावळीच्या रानात फौजा दबा धरून बसलेल्या आणि गडावरून तोफेचा आवाज झाला की तुटून पडायचं अशी खूण ठरलेली. आणि ज्या क्षणी सय्यद बंडाचा वार महाराजांवर यायला लागतो बरोबर त्याच क्षणी तिथं हजर असलेला जिवा महाला. होता जिवा म्हणून वाचला शिवा. एक माणूस, त्याचं एक कसब, आणि ते कसब लागण्याचा एकच क्षण. आजच्या कुठल्याही कमांडो कथेत टीममधला प्रत्येक जण याच कामासाठी घेतलेला असतो. महाराजांची मोहीम खरी होती, त्यात जीव खरे होते, ती मी कुणा कादंबरीच्या रांगेत बसवत नाहीये, मी म्हणतोय ते पोवाड्याबद्दल, ती गोष्ट सांगायची जी रीत शाहिरांनी बसवली तिच्याबद्दल.

आणि पोवाडा ऐकायला बसलेल्या प्रत्येकाला शेवट माहीत असतो. शाळेतल्या चौथीच्या पोराला माहीत असतो. तरी शाहीर भेटीच्या शामियान्यापाशी आला, डफ चढला की अंगावर काटा येतो तो येतोच.

यावर मानसशास्त्रात प्रयोग झालेत. २०११ साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लेविट आणि क्रिस्टेनफेल्ड या दोघांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधी सांगून टाकला, काहींना नाही. शेवट माहीत असलेल्यांनी कथांना उलट थोडे जास्त गुण दिले. नंतरच्या काही प्रयोगांत उलटेही निकाल आले, त्यामुळं हा काही अटळ नियम नाही, पण शेवट कळला म्हणजे सगळी मजा गेली हे काही खरं नाही, एवढं यातून धरून चालायला हरकत नाही. कारण साधं आहे. काय होणार ही काळजी डोक्यातून गेली की कसं होणार इकडं पूर्ण लक्ष लागतं. नायक जगणार हे ठरलेलं आहे म्हणूनच आपण त्याला दरीच्या काठावर लटकलेलं बघू शकतो. ती खात्री नसती तर तेच दृश्य नुसतं त्रासाचं झालं असतं.

भीती आणि सुटका यांचा संबंधही यातच येतो. डॉल्फ झिलमन नावाच्या संशोधकानं सत्तरच्या दशकात मांडलेलं आहे की धास्तीनं शरीरात जो जोर चढतो, छातीत धडधड, हाताला घाम, तो प्रसंग संपल्यावर लगेच उतरत नाही, मागं रेंगाळतो, आणि त्याच वेळी चांगलं काही घडलं तर तो उरलेला जोर त्या आनंदाला जाऊन मिळतो. म्हणजे जेवढा वेळ घड्याळाची टिकटिक ताणली तेवढं हेलिकॉप्टर आल्यावर जास्त बरं वाटतं. ७२ तासांची मुदत, दीड-दोन पानांची छोटी प्रकरणं, प्रकरणाच्या डोक्यावर लिहिलेली वेळ आणि ठिकाण, मध्येच दिल्लीतल्या बैठकीला उडी आणि परत डोंगरावर, हे सगळं त्या जोराची पातळी खाली येऊ नये म्हणून केलेलं असतं.

आता या साच्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग, तो म्हणजे प्लॅन. एक गोष्ट कधी लक्षात आलीय का बघा. नायकानं टेबलावर नकाशा पसरून सगळा प्लॅन आपल्याला बारकाईनं सांगितला, तू इथून, मी तिथून, चार मिनिटांत आत, की समजायचं हा प्लॅन फसणार. आणि त्यानं नुसतं "माझ्याकडं एक मार्ग आहे" म्हणून प्रकरण संपवलं तर तो यशस्वी होणार. जवळपास प्रत्येक ठिकाणी हे असंच असतं आणि त्याला कारण आहे. प्लॅन सांगून तो तसाच पार पडला तर वाचकाला तीच गोष्ट दोनदा वाचायला लागते. सांगून मोडला तर कुठं काय मोडलं हे वाचकाला नायकाएवढंच कळतं, त्याला नकाशा पाठ असतो, तो आतल्या माणसासारखा हळहळतो, अरे उत्तरेचं दार बंद आहे आता हे बाहेर कसे पडणार. म्हणजे नकाशाचं ते दृश्य माहिती देण्यासाठी नसतंच, ते आपल्याला टीममध्ये भरती करून घेण्यासाठी असतं.

खऱ्या मोहिमांशी ताडून बघितलं तर हे जास्त कळतं. एंटेबीचं उदाहरण घेऊ. २७ जून १९७६ ला एअर फ्रान्सचं विमान पळवून युगांडातल्या एंटेबी विमानतळावर नेलं आणि ३ जुलैच्या रात्री इस्रायलचे कमांडो जवळजवळ चार हजार किलोमीटर उडून तिथं उतरले. विमानतळाची जुनी इमारत बांधण्यात एका इस्रायली कंपनीचा हात होता त्यामुळं नकाशे मिळाले, इमारतीचा नमुना उभा करून सराव झाला, युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याची गाडी वाटावी म्हणून काळी मर्सिडीज सोबत नेली. एवढं करूनही पहारेकऱ्यांनी ती गाडी अडवलीच आणि गोळी चालली. तरी १०२ ओलीस सुटले. काही ओलीस मारले गेले आणि हल्ला करणाऱ्या तुकडीचा प्रमुख योनातन नेतान्याहू पडला. यात साच्यातलं सगळं आहे, वेष, घड्याळ, बिघाड, प्रमुखाचं बलिदान, आणि म्हणूनच वर्ष-दीड वर्षाच्या आत यावर तीन सिनेमे निघाले.

आता दुसरी मोहीम. एप्रिल १९८०, तेहरानमधल्या अमेरिकन ओलिसांना सोडवायला अमेरिकेनं आठ हेलिकॉप्टर पाठवली. एकाच्या पंख्याच्या पात्यात बिघाडाची खूण दिसली म्हणून ते वाटेतच सोडलं, एक धुळीच्या वादळातून मागं फिरलं, सहा वाळवंटातल्या ठरल्या जागी पोचली आणि त्यातल्या एकाचं हायड्रॉलिक बिघडलं. उरली पाच. कमीत कमी सहा लागतील असं आधीच ठरलं होतं म्हणून मोहीम रद्द झाली, आणि परत निघताना एक हेलिकॉप्टर तिथंच उभ्या असलेल्या आपल्याच विमानावर आदळून आठ जण मेले. शत्रूची एक गोळी चालली नाही, कुणी फितूर नव्हतं. धूळ, एक पातं आणि हायड्रॉलिक. साच्यात ही मोहीम बसत नाही, कारण साच्यात बिघाड हा माणसाच्या कसबानं भरून निघायलाच लागतो, आणि धुळीपुढं कसब चालत नाही. लोक एंटेबी परत परत का बघतात आणि ही का नाही, याचं उत्तर यातच आलं.

हत्यारांचं आणि सामानाचं वर्णन हा आणखी एक भाग, यावर बरेच जण वैतागतात. रायफलचं नाव, गोळीचा व्यास, पाणबुडीचा आवाज किती, दोन-दोन पानं. याचा मोठा जमाना सुरू झाला १९८४ च्या आसपास, टॉम क्लॅन्सी नावाच्या मेरीलँडमधल्या विमा एजंटानं पाणबुडीवरची कादंबरी लिहिली, ती अमेरिकेच्या नौदलाशी संबंधित एका संस्थेच्या प्रकाशनानं काढली, त्यांनी त्याआधी नवी कादंबरी कधी छापलेलीच नव्हती, आणि राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तिची तारीफ केल्यावर ती देशभर गेली. तो माणूस स्वतः सैन्यात कधीच नव्हता. सगळं वाचून मिळवलेलं. पण तपशील इतका पक्का की वाचणाऱ्याचा विश्वास बसला, आणि वस्तूंवर एकदा विश्वास बसला की माणूस घटनांवरही ठेवतो. बोल्टचा आकार बरोबर सांगणारा लेखक युद्ध कसं टळलं तेही बरोबरच सांगत असणार असं मनात आपोआप धरलं जातं. तपशिलाचं काम हे आहे. शिवाय वस्तूची स्वतःची एक ओढ असते. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा लोक रांगा लावून आत गेले. ती महाराजांनी वापरलेलीच का यावर वाद आहे, ते म्युझियमही तसं ठामपणे म्हणत नाही, आणि हे पेपरात वाचूनही लोक आले. काचेमागचा तो पोलादाचा छोटासा तुकडा, दोन अंगठ्या आणि वाकडी नखं, तळहातात मावणारा. त्याच्याकडं बघताना सगळा प्रसंग डोळ्यापुढं उभा राहतो. वस्तू गोष्टीचं वजन उचलते, कादंबरीतही तेच होतं.

वरच्या ऑफिसातला फाईलवाला साहेब मात्र आपल्यासाठी घातलेला असतो. सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करायला, पेन्शनचा कागद पुढं सरकायला ज्यानं हेलपाटे घातलेत त्याला त्या साहेबाची ओळख करून द्यावी लागत नाही. काम येणारा माणूस खाली आणि सही करणारा वर, हा अनुभव कुठल्याही देशातल्या वाचकाला आहे, म्हणून नायक त्याचा हुकूम डावलतो तेव्हा आपल्याला इतकं मोकळं वाटतं.

आणि आता पहिला प्रश्न, फौज बघितलेला माणूस हे का वाचतो. आमचे चुलते, आप्पा, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन घरी आले. दुपारी जेवण झालं की ओट्यावर खुर्ची टाकून असली पुस्तकं वाचतात, लायब्ररीतनं मी आणून देतो. वाचताना बोलत असतात. अठरा हजार फुटांवर नायक पळत सुटला की "आरं तिथं बुटाची नाडी बांधताना दम लागतोय, पळतोय कुठं" म्हणून पुस्तक मांडीवर उपडं ठेवतात, चष्मा पुसतात आणि परत उचलतात. या पुस्तकांत रजेचा अर्ज नसतो, तीन-तीन महिने एकाच बंकरमध्ये काढायचे नसतात, बर्फात अडकलेल्या रेशनच्या गाड्यांची वाट बघणं नसतं, हे सगळं ते मला सांगतात. एकदा मी विचारलंच, आप्पा, सगळं खोटं आहे म्हणताय तर वाचता कशाला. ते म्हणाले, "ह्यात काम पुरं होतंय न्हवं. आमचं कुठलं काम पुरं झालेलं आमाला बघायलाच मिळालं न्हाई. पोस्टवर दोन वर्सं काढली, दुसरी पलटण आली, चार्ज दिला, गाडीत बसलो. फुडं काय झालं ते कुणाला ठावं."

मला वाटतं या सगळ्या ओढीचं मूळ हेच आहे. लोक म्हणतात मारामारीसाठी वाचतात, कुणी म्हणतं देशाच्या अभिमानासाठी, ते दोन्ही असेलही थोडंफार, पण मारामारी तर बातम्यांतही मिळते आणि अभिमान भाषणातही. पुरं झालेलं काम कुठं मिळत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचं आयुष्य अर्धवट गोष्टींनी भरलेलं आहे, आपण एक तुकडा करतो, पुढचा तुकडा दुसरा कुणी करतो, शेवट दिसत नाही आणि आपल्यामुळं काय फरक पडला तेही कळत नाही. या कथेत प्रत्येकाला एक काम नेमून दिलेलं असतं, ते त्यालाच जमणारं असतं, त्याच्यावाचून सगळं अडणार असतं आणि शेवटच्या पानापर्यंत ते झालेलं असतं. भरतीला पळणाऱ्या पोरांना तरी दुसरं काय हवं असतं, पगार हवा असतोच, पण आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत हे कुणीतरी सांगावं असंही वाटत असतं. ही भूक खरी आहे आणि तिला हलकी समजणाऱ्यांचा मला राग येतो.

पण साच्यात एक जागा अशी आहे जिथं माझं पटत नाही, आणि ती मी इथं सोडून देणार नाही. वेळ कमी आहे, बॉम्ब कुठं ते एकाच माणसाला माहीत, नायक त्याला बदडतो आणि दोन मिनिटांत खरा पत्ता मिळतो. हे इतक्या वेळा बघितलंय की ते खरं वाटायला लागतं. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या गुप्तचर समितीनं सीआयएच्या छळ करून केलेल्या चौकशांवरच्या अहवालाचा सारांश जाहीर केला, त्यात असल्या छळानं कामाची माहिती मिळवण्याचा हा मार्ग परिणामकारक नव्हता असं स्पष्ट लिहिलंय. त्याआधी २००६ साली वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतले ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन स्वतः एका गाजलेल्या टीव्ही मालिकेच्या लोकांना जाऊन भेटले, का तर मालिका बघून कॅडेट तसंच वागणं बरोबर समजायला लागलेत, जरा आवरा. एका जनरलला मालिकावाल्यांकडं जावं लागलं, साच्याची ताकद किती ते यावरून कळावं. नाइट व्हिजन चुकीची दाखवली तर काही बिघडत नाही, पण हे भरतीच्या वयाच्या पोरांच्या डोक्यात बसलं तर बिघडतं. शत्रूला चेहरा नसणं, घरी थांबलेल्या बाईला पहिल्या आणि शेवटच्या पानाशिवाय जागा नसणं, हेही त्यातलंच.

चांगले लेखक साचा पूर्ण मोडत नाहीत, मोडला तर वाचक उठून जातो. ते एकच खांब हलवतात. टीम तीच, घड्याळ तेच, पण नायकाला मध्येच शंका येते की माहिती देणारा खोटं बोलतोय का, किंवा फाईलवाला साहेबच बरोबर निघतो, किंवा काम पुरं होतं पण कुणाला सांगता येत नाही. मला स्वतःला मराठीत एक असं पुस्तक वाचायचंय आणि ते अजून माझ्या हाती आलेलं नाही. नायक असावा ट्रान्सपोर्टमधला सुभेदार, खटाव-माणकडचा, वय पंचेचाळीस, गुडघा दुखणारा. लडाखकडं जाणारी जोजी ला खिंड बर्फानं बंद व्हायला दोन दिवस, मागं रेशन आणि रॉकेल भरलेल्या चाळीस गाड्या, त्यातल्या सहा नादुरुस्त, आणि वरच्या पोस्टवर थांबलेली माणसं. तीच टीम, तेच घड्याळ, बंदूक एकदाही उडत नाही. साचा तेवढाच घट्ट बसेल याची मला खात्री आहे, फक्त लिहिणारा कॉन्व्हॉयबरोबर गेलेला पाहिजे, आणि असे लोक आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत.